पटाची गाडी

गाडीच्या बॉनेटला कपाळ लावून उभा राहणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. सकाळी सडा टाकायला मी बाहेर आले की समोरच्या घरापुढे हेमराज तसा उभा असे. डोळे मिटलेले, दोन्ही तळवे पत्र्यावर, इंजिन सुरू. पहिल्या दिवशी मला वाटलं, पोराला भोवळ आली. मी धावले. तेव्हाची मी धावणार म्हणजे काय, पन्नाशीचं वजन, एका हातात पदर आणि दुसऱ्या हातात सड्याची बादली. भोवळ आलेल्याच्या तोंडावर पाणी मारतात एवढं त्या शहाण्या बाईला माहीत होतं, ते पाणी शेणाचं आहे हे लक्षात आलं नाही.

"ऐकून राहिलो ना जी काकू," तो डोळे न उघडता म्हणाला. शेणकाला त्याच्या कानावरून बॉनेटवर ठिबकत होता. "एक मिनिट. तिसऱ्या पिस्टनचा आवाज वेगळा येऊन राहिला."

हे कपाळ लावणं त्याच्या बापाचं. गेंदलालभाऊ म्हणजे आमच्या गोंदियाकडच्या गोरेगाव भागातले नावाजलेले धुरकरी. शंकरपटात बैलांची जोडी हलक्या छकड्याला जुंपून जो उभ्याउभ्या वाऱ्यासारखी पळवतो, तो धुरकरी. पटाच्या दिवशी गेंदलालभाऊ आधी डाव्या बैलाच्या कपाळाला कपाळ लावत, मग उजव्या. काय बोलत ते बैलांनाच ठाऊक. माणसांशी ते फार बोलत नसत. कोणाची जोडी कशी आहे विचारलं, तर वाईट असेल तेव्हा गप्प बसत आणि चांगली असेल तर एकच शब्द म्हणत, "पळते." त्या एका शब्दासाठी लोक लांबून जोड्या घेऊन त्यांच्या अंगणात येत आणि पुष्कळदा चहा पिऊन नुसते परत जात.

एका पटात छकडा उलटला आणि गेंदलालभाऊंचा खांदा निखळला, तो पुन्हा धड बसलाच नाही. जोडी त्यांनी बालाघाटकडच्या एका माणसाला दिली. बैल नेले त्या दिवशी ते घरात पाठ करून बसले होते आणि हेमराज बैलांच्या मागे नाक्यापर्यंत चालत गेला होता. आई लहानपणीच गेलेली, घरात हे दोघंच. बैलांच्या पैशात गोंदियाच्या एका डॉक्टरांची जुनी पांढरी आठशे गाडी आली. हिशेब सरळ होता. पोरानं गोरेगाव ते गोंदिया सवारी न्यावी, दवाखान्याचे पेशंट न्यावेत, स्टेशनवर माणसं सोडावीत, आणि घर चालावं.

हेमराजनं पहिल्या आठवड्यात मागची सीट काढली.

ती सीट आमच्या ओसरीवर आली. "काकू, ठेवा जी तुमच्याकडे, काकाले पेपर वाचाले होईल," म्हणाला. आमचे हे पाटबंधारे खात्यातून नुकतेच निवृत्त झाले होते आणि घरात कुठे बसावं हा त्यांच्यापुढचा सर्वांत मोठा प्रश्न होता. हेमराजनं तो सोडवला. मागोमाग स्टेपनी गेली, बंपर गेले, दारांच्या आतलं अस्तर गेलं, काचा गेल्या. ऊन लागलं की त्या गाडीतून आरपार दिसे.

तेवढ्यावर थांबला असता तर ठीक. पण मग त्यानं इंजिनाला हात घातला. राइस मिलमधल्या वेल्डरकडून सायलेन्सर कापून घेतला आणि तिथं रुंद, सरळ नळी बसवली. त्या दिवसापासून आमच्या गल्लीत दुपारची झोप ही गोष्ट संपली. गोंदियाला जाऊन इंजिनाचं हेड, म्हणजे वरचं झाकण, घासून आणलं. कार्बोरेटरमधलं पेट्रोलचं भोक मोठं केलं. एअर फिल्टरचा डबा काढून तिथं लावली ती माझी चहाची गाळणी. मी दोन दिवस ती शोधत होते, आणि सापडली ती बॉनेटखाली, काळीकुट्ट, तारेनं बांधलेली. माझ्या ट्रंकेतल्या डांबरगोळ्याही अशाच गेल्या. पेट्रोलमध्ये विरघळवल्या की इंजिन चिडते, असं त्याला कोणीतरी सांगितलं होतं. इंजिन चिडलं की नाही कोण जाणे, माझ्या लग्नातल्या शालूला कसर लागली. मला त्याचं वाईट वाटलं नाही. त्या शालूत मी वर्ध्याहून आले होते, सगळ्या गोरेगावाला शहाणपण शिकवायच्या इराद्यानं.

तीन भाषांमध्ये जगणारं ते पोर. बापाशी घरात त्यांच्या पोवारी बोलीत, चारचौघांत आणि माझ्याशी झाडीच्या, म्हणजे आमच्या भागातल्या मराठीत, आणि गाडीशी हिंदीत. का, तर गाडी गोंदियाची. "चल बेटा, गरम हो जा," असं तो तिला सकाळी म्हणे. त्याचा गोंदियाचा मिस्त्री मात्र त्याला शिव्या देई. एकदा मी सोबत होते. मिस्त्री पान थुंकून म्हणाला, "अबे, गाडी है ये. तेरे बाप का बैल नहीं है." हेमराजला त्यात अपमान वाटला नाही. तो खूश झाला.

कारण त्याच्या डोक्यात तेच होतं. गेंदलालभाऊंनी एकदा, अगदी शांतपणे, विचारलं, सवारी कधी आणणार? ते अंगणात धान वाळवत होते आणि मी माझ्या दारात तांदूळ निवडत होते, म्हणजे निवडण्याचं नाटक करत कान तिकडे देऊन होते. हेमराजनं हातातला पाना खाली ठेवला.

"बाबा, तुम्हीच सांगतलं ना. पटाच्या बैलाले नांगराले जुंपत नाही. जुंपला का मोडला. मंग हिले सवारीले कायले जुंपू?"

हे गेंदलालभाऊंचंच वाक्य. आयुष्यभर त्यांनी ते शेजाऱ्यांना सुनावलं होतं. जोडी रोज अंडी नि उडदाची डाळ खात उभी आणि शेत भाड्याच्या बैलांनी नांगरलेलं, असं चाललेलं असताना लोक हसत, तेव्हा ते हेच म्हणत. आता ते धान पसरत राहिले. मग म्हणाले, "बैल हरला तर रडते. लोखंड रडत नाही." आणि त्या दिवसापासून त्यांनी गाडीत पाय ठेवला नाही. गोंदियाला जायचं तर एसटी. बसस्टँडपर्यंत हेमराज त्यांच्या शेजारून पहिल्या गिअरमध्ये गाडी चालवी, दार उघडं ठेवून. ते चालत राहत, गाडीकडे न बघता.

पोराला एवढंच हवं होतं. बापानं एकदा बाजूला बसावं आणि तो शब्द म्हणावा. त्यासाठीच ती सारी कापाकापी. गाडीनं कोणाशी शर्यत लावावी, बक्षीस मिळवावं, असलं त्याच्या मनात फारसं नव्हतं.

मला हे कळत होतं, आणि मी कशी होते तर, एक दिवस सकाळी त्याला म्हटलं, "काल तुझे बाबा काकांना सांगत होते. म्हणाले, पळते." तोंड अगदी गंभीर ठेवून, वर देवाची शपथ घेऊन. थापा मारणं हा माझा लहानपणापासूनचा धंदा. गल्लीत माझं बोलणं कोणी खरं धरत नसे. पण हेमराज तसाच ग्रीसच्या हातांनी घरात गेला. गेंदलालभाऊ जेवत होते. ते "मी? मी कधी म्हणलो?" म्हणाले ते मला इथवर ऐकू आलं. हेमराज बाहेर आला, माझ्याकडे बघून हसला, "असं नका करू जी काकू." तो हसला म्हणून मीही हसले. देव जर शपथा मोजत असेल तर माझ्या नावाचं पान त्यानं केव्हाच भरून टाकलं असेल.

त्यानं माझ्यावर राग धरला नाही. उलट मला गाडीतून फिरवून आणलं, मीच मागे लागले म्हणून. आठवडी बाजाराची पिशवी मांडीवर, खिडक्यांना काचा नाहीत, आणि गावाबाहेर सरळ रस्ता लागताच त्यानं पाय दाबला. मी ओरडले. भीतीनं ओरडले असं घरी सांगितलं, पण खरं म्हणजे "अजून" असं ओरडले होते. तेवढ्यात माझा अंबाडा उडाला. म्हणजे माझा नव्हे, त्यातलं गंगावण. त्या वयातली ती बाई स्वतःच्या चार केसांत विकतचे चाळीस मिसळून मिरवत असे आणि ते कोणाला कळत नाही अशी तिची समजूत होती. हेमराजनं गाडी थांबवली, चालत मागे गेला, रस्त्याकडेच्या तुरीच्या झुडपावरून ते काढलं, झटकलं, आणि मान दुसरीकडे वळवून माझ्या हातात दिलं. "काकू, तुमचं सामान." त्यानं हे कधी कोणाला सांगितलं नाही. असा होता तो.

पुढच्या माघात पट भरला. तळलेल्या भज्यांचा धूर, फुग्यांचे गाडे, रात्रीच्या नाटकाचा मंडप. शेवटच्या जोड्या पळून झाल्यावर कमिटीच्या पोरांना काय हुक्की आली, त्यांनी पुकारलं की आता हेमराजची गाडी आणि एक जोडी, गमत म्हणून. माणसं पुन्हा दोरीला येऊन भिडली. गेंदलालभाऊही होते, पण मैदानाकडे पाठ करून, शेंगा सोलत.

हेमराजनं बॉनेटला कपाळ लावलं. लोक हसले. झेंडा पडला आणि जोडी सुटली. गाडी जागच्या जागी ओरडत राहिली. पुढची चाकं भुसभुशीत मातीत गरगर फिरत होती, मागे धुळीचा डोंगर. ती सुटली तेव्हा बैल शेवटाला पोचून मान हलवत होते. लोकांनी काय शिट्ट्या मारल्या म्हणता. मीही मारली, मला येते.

हेमराज गाडीतून उतरला नाही. स्टिअरिंग धरून बसून राहिला. आणि मग गर्दीतून गेंदलालभाऊ त्याच्याकडे चालत गेले. शेंगांची टरफलं हातातून झाडली, खाली बसून पुढच्या चाकाखालची माती चिमटीत घेतली.

"चाक माती खरवडून राहिलं," ते म्हणाले. "सारं हलकं करून टाकलं तू. पुढे वजन नाही, तर मातीले धरन कसं?"

हेमराजनं खिडकीतून मान काढून चाकाकडे पाहिलं.

"पुढच्या पटाले मी बसीन बाजूले. तेवढंच वजन."

घरी परतताना हेमराज गाडीतून उतरून तिच्या बाजूनं चालत होता आणि दोन पोरं ती ढकलत होती, हेड तापलं होतं म्हणून. पण त्याचा चेहरा पाहिला असता तर तुम्हाला वाटलं असतं हा पट जिंकून येतोय.

त्या वर्षभरात त्यानं फक्त बापाच्या वजनाचा विचार केला. बाबा बसणार म्हणजे बाकी एक तोळाही फालतू नको, इंजिनाची ताकद दुसरीकडे कुठे जायला नको. रेडिएटरचा पंखा त्यानं त्याच पायी काढला. पंखा इंजिनाची ताकद खातो म्हणे. मिस्त्री पुन्हा ओरडला, खडी रहेगी तो उबल जाएगी. हेमराजचं उत्तर तयार होतं, पट तर डोळ्याची पापणी लवेपर्यंत संपतो, तेवढ्यात काय उकळणार? आणि खरंच, गाडी पळती राहिली की वारा लागून थंड राहायची. उभी करायची तर तो इंजिन बंद करायचा. पटाच्या बैलाचंही असंच. पळतो तोवर राजा.

पट महिन्यावर आला होता. धानाची मळणी चालू होती. दुपारी आमचे हे ओसरीवर त्या सीटवर पेपर वाचत होते आणि गाडी दारात येऊन करकचून थांबली. हेमराज आत आला. "काका, उठा. सीट."

खळ्यावर गेंदलालभाऊंच्या छातीत कळ आली होती. त्यांना पुढच्या सीटवर बसवलं होतं, पण ते बसू शकत नव्हते, घसरून खाली येत होते. आम्ही तिघांनी सीट उचलून गाडीत टाकली. बोल्ट कुठे होते कोणाला ठाऊक, नुसती टाकली. त्यांना तिच्यावर आडवं केलं आणि मी त्यांचं डोकं मांडीवर घेऊन कोपऱ्यात शिरले. हे पुढे बसायला आले तर हेमराज म्हणाला, "नको काका. वजन." हे तसेच पेपर हातात घेऊन रस्त्यावर उभे राहिले.

गाडी कशी गेली ते मी सांगू शकत नाही. सुटलेली सीट दर वळणाला सरकत होती आणि मी दोन्ही पाय पत्र्याला रोवून ती धरत होते. बाभळी, बांध, माणसं, काही वेगळं दिसत नव्हतं. कापलेल्या सायलेन्सरचा आवाज खालून पत्र्यातून थेट दातांत येत होता. गेंदलालभाऊंच्या कपाळाला दरदरून घाम. त्यांनी डोळे उघडले. वर छताकडे पाहिलं, मग खिडकीबाहेर, पळणाऱ्या झाडांकडे, जरा वेळ. धुरकऱ्याचे डोळे ते. ओठ हलले. मी कान खाली नेला.

"पळते," ते म्हणाले. आणि मग पुन्हा, जरा जोर लावून, पुढे बघत, "पळते गा."

मी ओरडले, हेमराज, ऐक, बाबा काय म्हणतात. तो पुढे वाकून स्टिअरिंगवर होता. त्याच्या खांद्याला हात लावला तर त्यानं नुसती मान हलवली, ऐकू येत नाही म्हणून, आणि अजून पाय दाबला.

गोंदियाच्या अलीकडे रेल्वेचं फाटक बंद होतं. मालगाडी होती. त्याला इंजिन बंद करायचं भान राहिलं नाही, आणि फाटक कधी उघडतं याच्याकडे डोळे लावून तो ॲक्सिलरेटर दाबत राहिला. बॉनेटच्या कडांतून आधी बारीक वाफ आली. मग आतून काहीतरी फुटल्याचा आवाज झाला आणि गाडी बंद पडली.

आता सगळं ऐकू येत होतं. मालगाडीचे डबे एकामागून एक, फाटकाजवळचा पेरूवाला, कोणाच्या तरी सायकलची घंटी. हेमराज उतरून मागे आला, दाराशी गुडघे टेकून बसला आणि बापाच्या तोंडाजवळ कान नेला. "बाबा, काई म्हणून राहिले होते का?" गेंदलालभाऊ श्वास घेत होते, पण बोलत नव्हते. तांदळाच्या पोत्यांचा एक टेम्पो मागून आला, त्यात त्यांना चढवलं. दवाखाना यायच्या आत ते गेले.

तिथल्या बाकावर मी त्याला सांगितलं. शब्द जसेच्या तसे. त्यानं माझ्याकडे पाहिलं, फार मायेनं, आणि म्हणाला, "राहू द्या जी काकू." मी शपथ घेणार होते. पण शपथेसाठी माझ्याकडे न वापरलेला देव उरला नव्हता.

पुढे मी त्याला कितीदा तरी सांगितलं. चिडून, रडून, एकदा चक्क ह्यांना पुढे करून, जे तिथं नव्हतेच. दरवेळी तो तसाच हसे.

गाडी त्यानं दुरुस्त केली. नवा सायलेन्सर, पंखा, काचा, बंपर. मागची सीट बोल्ट आवळून बसवली. मग सवारी नेऊ लागला, पण इतकी हळू की गिऱ्हाइकं कंटाळून जीपमध्ये बसत. एक दिवस गाडी विकली आणि गोंदियाला निघून गेला. काही वर्षांनी कोर्टाच्या बंदीनं पटही थांबले. त्या मैदानावर नंतर कोणी धान लावलं.

आमचे हे गोंदियाच्या दवाखान्यात वारले तेव्हा आमच्या मुलानं फोन करून शववाहिनी बोलावली. ड्रायव्हर खाली उतरला, तो हेमराज. केस पांढरे व्हायला लागलेले. कोणा ट्रस्टची गाडी, तो कित्येक वर्षं चालवत होता. त्यानं ह्यांना हातांनी उचलून आत ठेवलं, डोक्याखाली घडी केलेलं पांघरूण सारलं. बॉनेटकडे त्यानं पाहिलंही नाही. मी पुढे त्याच्या शेजारी बसले. फाटक आलं तेव्हा ते उघडं होतं.

"हेमराज," मी म्हटलं, "आता मला खोटं बोलून काय मिळणार आहे? ते म्हणाले होते."

तो रस्त्याकडे बघत राहिला. फाटक मागे पडलं.

"काकू, मी रोज हेच सांगतो," तो म्हणाला. "तुमच्या जागी जो बसते त्याले. शेवटी नाव घेतलं तुमचं म्हणतो. चेहरा कसा शांत आहे पाहा म्हणतो. मी तर तिथं नसतोच." आणि मग, "सांगाच लागते. मले समजते जी."

बैलगाडीनं मागं टाकावं अशा चालीनं आम्ही गोरेगावला पोचलो. सगळे ह्यांना उतरवून आत नेत होते, बायका माझ्या गळ्यात पडत होत्या, आणि हेमराजनं कोणाला न सांगता गाडी वळवली. गाडी आता रिकामी होती. गावाबाहेर तो पाय दाबायचा सरळ रस्ता होता. मी बायकांना गप्प केलं. नवरा गेल्यावर मी गप्प करते आहे म्हणून त्या घाबरून गप्प झाल्या, आणि मी कान देऊन ऐकलं.

आवाज त्याच चालीनं लांब जात राहिला. पार ऐकू येईनासा होईपर्यंत त्यानं गिअर बदलला नाही.